वर जाताय तर

वर जाताय तर ऐका वहिनी,
कणीक मळतामळता सांगते,
तुम्ही बॅगा भरा.

गाडीतून उतरलात की पहिला जो धावत येईल
तो म्हणेल, तुमचं हॉटेल बंद पडलं,
मालक वारला.
मालक वारलेला नसतो.
माझा चुलता सीझनला दिवसाकाठी
तीनतीन मालक मारायचा
आणि दुसऱ्या हॉटेलच्या मागच्या दाराशी
कमिशनचं जेवायचा.
फोन लावा सरळ.
तो देईल तो नंबर नको, पावतीवरचा.

खोलीचे पैसे द्यायच्या आधी खिडकी उघडा.
'व्हॅली व्ह्यू' कुठेही लिहितात.
हसू नका, हा फ्लॅट घेताना
बेलापूरच्या बिल्डरनं पारसिकचा डोंगर दाखवतो म्हटलं होतं ना?
दिसतो की.
बाथरूममध्ये बादलीवर चढलं तर,
तोही खडीसाठी अर्धा कापलेला.

घोडेवाला म्हणेल, बारा पॉइंट.
दरी एकच आहे वहिनी, कठडे बारा.
नवव्या कठड्यावरची पाटी मी रंगवलीय,
आठ वर्षांची होते, चुन्यात काडी बुडवून.
त्याआधी तिथं आम्ही शेण्या वाळवायचो.

भाव ठरवताना विचारा,
माणशी की घोड्यामागं,
नुसतं जायचे की येऊन-जाऊन.
चढताना पाचशे म्हटलेले
उतरताना माणशी पाचशे होतात.

मध्येच घोडा थांबेल.
आजारी नसतो तो.
लगामाला दोन बोटांनी असा पीळ दिला
की थांबतो, आणि बाप म्हणतो,
दमलाय साहेब, चाऱ्याला काही द्या.
ही ती दोन बोटं.
ह्यांनीच तुमच्या करंजीला मुरड घालते.

आणि मध घेऊ नका.
काडी बुडवून पेटवून दाखवतील,
काडी आधी मेणातून काढलेली असते.
आई रात्री पाक ढवळायची,
काळ्या गुळाचा, वर चिमूटभर सुंठ,
एक पोळ्याचा तुकडा, दोन मेलेल्या माश्या.
माश्या तेवढ्या खऱ्या.

वहिनी मोबाईलवर सगळं टिपत होत्या.
म्हणाल्या, वेणू, तू तर पक्की चारसोबीस गं!
मी पोळी उलटली.

एक राहिलं, म्हटलं.
लगाम धरून जे पोर पळत असेल
त्याच्याशी घासाघीस नको.
घोडा त्याचा नसतो.
पाचशेतले चाळीस त्याचे,
तेही घोडा न लंगडता परतला तर.
त्याला नाव विचारा.
घोड्याचं सगळेच विचारतात.
आमच्या घोडीला सहा नावं होती, गिऱ्हाईक बघून.
मला एकदाही कुणी…
जाऊ दे, तवा तापलाय.

निघताना दारात चपला घालता घालता
वहिनी म्हणाल्या,
चार दिवस आम्ही नाही, म्हणजे चार दिवसांचे कापते हं,
हिशेबाला बरं पडतं.
संध्याकाळी कुंड्यांना तेवढं पाणी घालून जा.
किल्ली शेजारी ठेवलीय.

बरं, म्हटलं.
मी विचारलं नाही,
माणशी की कुंडीमागं,
नुसतं जायचे की येऊन-जाऊन.

चारही दिवस घातलं पाणी.
एकवीस कुंड्या. मोगऱ्याला कळी आली होती,
ती मात्र मी केसांत घालून नेली.

पाचव्या दिवशी ओट्यावर बाटली.
हॉटेल बरोबर मिळालं, वहिनी सांगत होत्या,
घोड्याचे लिहूनच घेतले,
मध मात्र घेतला बाई,
तो माणूस खरंच साधा होता,
लेकीला घेऊन बसला होता रस्त्यावर.
बघ ना चाखून.

मी बोट बुडवलं.
आधी गूळ लागला, मग सुंठ,
आणि मग, अगदी शेवटी,
चुलीचा धूर.

कसा आहे?

खरा आहे, म्हटलं,
आणि झाकण घट्ट लावून ठेवलं.